गोटमारीचा कागद

२५ ऑगस्ट १९८५, पांढुर्णा

पहिला सराव फाडला! आमच्या लेकीने, स्मिताने लिहिलं होतं — "डोळ्यांत औषधाचे थेंब टाकावेत." मान कुठे? पापणी कोण ओढणार? बाटली टेकवायची की वर धरायची? पोरगी बी.एस्सी. झाली, पण रोग्यासाठी लिहिणं कॉलेजात कोण शिकवतो! मलाही कोणी शिकवलं नाही. मॅट्रिक नापास माणूस, औषधाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांच्या चुकांवर शिकलो.

नागपूरच्या औषध कंपनीला माहितीपत्रकं लिहायला माणूस हवा आहे. मुलाखतीला स्वतः लिहिलेला एक छापील कागद न्यायचा. स्मिताला ही नोकरी मनापासून पाहिजे. तयारी माझ्याकडे.

२८ ऑगस्ट

आजचा सराव — लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, ऐकणाऱ्याने तेवढंच करायचं, पदरची अक्कल लावायची नाही. ऐकायला स्मिताची आई, आमची सुधा.

स्मिता — "गोळी जेवणानंतर घ्यावी."

सुधा — "आज तं माहा उपास हाये. म्हणजे गोळी बी नाई!"

पोरगी हसली. मग खोडून लिहिलं — "उपास असला तरी गोळी चुकवू नका. फराळ करून घ्या."

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं! तिला सांगितलं नाही. डोक्यात हवा जाते.

२ सप्टेंबर

आज लिहायचं नाही. दुकानात बसून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकायचं. हाही सरावच.

७ सप्टेंबर

दवाखान्याचे डॉ. रघुनाथराव दुकानात आले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार — जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दोन्हीकडून एकमेकांवर दगड. जखमांवर काय करावं, असा कागद त्यांना वाटायचा आहे. "देवीदासजी, पोरीलाच लिहू द्या." झालं, नमुना छापायची सोय झाली!

स्मिताने लिहिलं — "आधी जखम स्वच्छ पाण्याने धुवा. स्वच्छ कापडाने दाबून धरा. चंडीमातेचा अंगारा कपाळाला लावा, जखमेत भरू नका. दवाखान्यात या."

मी अंगाऱ्याची ओळ खोडली. तिथे घातलं — "जखमेवर राख, माती, अंगारा लावू नये."

"बाबा, अंगारा तं लोकं लावतीलच. मी फक्त जागा सांगून राहिली."

"औषधाच्या कागदात देवीचं काय काम?"

मी कागद माझ्या ओळीसकट छापखान्यात दिला.

१५ सप्टेंबर

गोटमार. कागद वाटत काठावर बराच मागे उभा होतो. तरी एक गोटा आलाच! नडगी फुटली. रक्त पाहून मी मटकन बसलो. शेजारच्या कलाबाईंनी अंगाऱ्याची पुडी पुढे केली — "लावा भाऊजी, आईचा हाये." आणि मी चिमूटभर नाही, मूठभर भरला जखमेत! कागदांचा गठ्ठा तेव्हा काखेतच होता.

स्मिता धावत आली. पाय पाहिला, मग मला.

"बाबा! कागद कोनाचा हाये तो?"

"अशा वेळी कागद आठवतो काय!" मी ओरडलो. मग स्वतःचंच बोलणं ऐकू आलं.

तिने गडव्याने पाणी ओतून राख काढली, कापड दाबलं. मग पुडीतली चिमूट माझ्या बोटांत दिली. "कपाळाला लावा." लावली. मग कापड मीच दाबून धरलं!

माझं वाक्य चुकीचं नव्हतं. पण घाबरलेल्या हाताला त्यात काही करायलाच नव्हतं. तिच्या वाक्यात होतं.

१७ सप्टेंबर

लंगडत छापखान्यात गेलो. कागद पुन्हा छापायला सांगितला, स्मिताच्या ओळीसकट, खर्च माझा. छापखानेवाला शालिकराम हसला — "गोटमार होऊन गेली न भाऊ! आता कोनाले वाटता?"

म्हटलं, नागपूरला एका माणसाला दाखवायचा आहे.

२३ सप्टेंबर

स्मिता संध्याकाळच्या गाडीने आली. नोकरी मिळाली!

साहेबांनी विचारलं म्हणे, अंगाऱ्याची ओळ कशाला? ही म्हणाली, "आमच्या गावातल्या सगळ्यात काटेकोर माणसाचा हात चुकला, म्हणून."