निळ्या स्वेटरचा फोटो

५ जानेवारी

चि. बडबडीस आशीर्वाद.

तुझ्या आईच्या ट्रंकेतून सात स्वेटर निघाले. ती विणायची, फोटो काढायची आणि तू ते ऑनलाइन दुकानात लावायचीस. आता फोटो मी काढीन असे कबूल केले होते. त्याप्रमाणे सहांचे फोनवर पाठवले आहेत. प्रत्येक स्वेटरशेजारी फूटपट्टी ठेवली आहे आणि कागदी बाणाने उत्तर दिशा दाखवली आहे. माहितीत खोटे काही लिहिलेले नाही. हिरव्याचा तिसऱ्या बटणाखाली एक टाका सुटला आहे. तपकिरी कुणाला शोभेल असे वाटत नाही.

निळ्याचा फोटो नीट आला नाही. उजेड कमी होता. त्याची घाई नसावी.

प्रकृतीला जपणे.

बाबा

१२ जानेवारी

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही जन्मभर जमिनी मोजल्यात, मान्य. पण स्वेटर म्हणजे काय बांधाचं भांडण आहे, उत्तर दिशा दाखवायला? एका बाईंनी विचारलंय, हा उत्तरेकडे तोंड करूनच घालायचा का. तुमचे जावई हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. आणि आपल्याच मालाची अशी बदनामी कोण करतं? तपकिरीबद्दलचं वाक्य मी खोडलं.

खिडकीजवळ कुणाला तरी अंगात घालून उभं करा. पट्टी नको, बाण नको. निळा मात्र लवकर पाठवा. आईचा शेवटचा आणि सगळ्यात देखणा तोच. तिचं दुकान मला बंद पडू द्यायचं नाहीये.

जेवणाची हयगय केलीत तर मी येऊन बसेन, ही धमकी समजा.

तुमची बडबडी

२० जानेवारी

चि. बडबडीस आशीर्वाद.

सूचनेप्रमाणे शेजारच्या शिंपीणबाईंना स्वेटर घालून उभे केले. त्या बोलायच्या थांबत नाहीत, त्यामुळे सर्व फोटोंत तोंड उघडे आहे. डोके कापून पाठवत आहे. हे त्यांना कळवू नये. पट्टी काढली. बाण लहान केला.

निळा पाच वेळा काढून पाहिला. एकात माझा अंगठा आला, दोनदा हात हलला, पुढे पडदा उडाला. पाचव्याचे कारण सापडले नाही. दुकानासाठी विणलेले घरात वापरायचे नाही, हा तुझ्या आईचा नियम मला ठाऊक आहे. पुन्हा प्रयत्न करतो.

जावयांना सांगणे, खुर्ची सांभाळावी.

बाबा

३ फेब्रुवारी

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

सहाही गेले! हिरवा घेणाऱ्या बाई म्हणाल्या, सुटलेला टाका आपणहून सांगणारं दुकान त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. बाण राहू द्या, लोक आता तोच बघायला येतात.

निळाही विकला गेला, फोटोशिवाय. आता सबबी पुरे. पत्ता सोबतच्या बंद पाकिटात आहे. खोकं नीट बांधा आणि पाठवून द्या.

रागावू नका, माया पातळ करू नका.

तुमची बडबडी

९ फेब्रुवारी

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

निळा कागदात गुंडाळून खोक्यात भरला. पाकीट फोडायला हात होईना, म्हणून ते तसेच कुरिअरवाल्यापुढे ठेवले. त्याने पत्ता वाचला, माझा पत्ता विचारला, आणि मग विचारले, काका, हे पाठवायचं आहे की न्यायचं आहे. मागे रांग होती. न्यायचे आहे, असे सांगून घरी आलो.

ग्राहकाचा अभिप्राय पुढीलप्रमाणे. माल सुस्थितीत पोचला. बाह्या अर्धा इंच लांब आहेत. तुझ्या आईने माझे माप टेपने कधीच घेतले नाही, नजरेनेच घ्यायची. खांदे मात्र तंतोतंत बसतात. तेव्हा हा दुकानासाठी नव्हताच, असे माझे मत झाले आहे. आधीच घालून पाहायला हवे होते. धीर झाला नाही.

शिंपीणबाई पिशव्या फार चांगल्या शिवतात. त्या दुकानात लावणार असशील तर फोटो मी काढीन.

निळ्याचा फोटो अखेर पाठवला आहे. तो बाईंनी काढला. त्यात माझे डोके कापले गेले आहे. बहुधा त्यांना कळले असावे. बाण ठेवायचा राहून गेला.

बाबा