ओढणारी गाडी

बाबा, आज दुपारी रस्त्यावरून एक पिकअप गेली, मागे पांढरी कॅरॅव्हॅन, ते चाकांवरचं घर, जोडलेली, आणि मी खिडकीशी उभी राहून तुमच्यासारखाच दोघींच्या वजनाचा अंदाज करत राहिले. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता मला मुद्दाम आठवावा लागतो. पण गाड्यांबद्दल तुम्ही जे जे बोललात ते जसंच्या तसं कानात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कॅरॅव्हॅन घ्यायचं ठरलं ते वेल्समधल्या त्या सुट्टीत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी प्रायमरी स्कूलच्या शेवटच्या वर्षात होते. एका गेस्टहाउसच्या खिडकीत 'व्हेकन्सीज'ची, म्हणजे खोल्या रिकाम्या असल्याची, पाटी आहे. तुम्ही टाय नीट करून दार वाजवता. मालकीण बाहेर येते, तुमच्याकडे बघते, मग गाडीत बसलेल्या आईच्या साडीकडे बघते आणि म्हणते, "सॉरी लव्ह, आत्ताच शेवटची रूम गेली." असं दोन-तीन दारांवर झाल्यावर तुम्ही गाडीत येऊन बसलात, किल्ली न फिरवता समोर बघत म्हणालात, "आपलं घर आपणच बरोबर न्यायचं." आई म्हणाली, "गोगलगायीसारखं?" तुम्ही हसला नाहीत. पुढच्या वसंतात ब्रिस्टलच्या आपल्या घरापुढे एक जुनी, लांबलचक कॅरॅव्हॅन उभी राहिली. आई तिला 'तो' म्हणायची, तुम्ही 'ती', आणि शेवटी 'ती' ठरली, कारण आईने आत शिरून ओट्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "स्वयंपाकघर आहे म्हणजे बाईमाणूसच."

ती ओढायला गाडी मात्र नव्हती. आपली साधी सलून कार तिच्यापुढे खेळण्यातली दिसायची. तुम्ही हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर, त्यामुळे या प्रश्नाकडेही तुम्ही तसंच बघितलंत. "वजन माहीत असल्याशिवाय मी कोणाला झोपवत नाही," तुम्ही म्हणायचात, "आणि वजन माहीत असल्याशिवाय काही ओढायचंही नाही." कॅटलॉगमध्ये छापलेलं वजन तुम्हांला मान्य नव्हतं. कंपनी रिकामी कॅरॅव्हॅन तोलते, आपण भरलेली नेणार. तुम्ही आईला सांगितलंत, सुट्टीला नेशील ते सगळं भर. मग आत गेला प्रेशर कुकर, पोळपाट, कणकेची पिशवी, डाळींचे डबे, गॅसचा सिलिंडर, रजया, माझी सायकल. मग एका ओळखीच्याच्या लॉरीने ती ओढत कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर नेलीत. परत येताना तुमचा चेहरा मला अजून दिसतो, पेशंट वाटला त्यापेक्षा जड निघाल्यासारखा. दुसऱ्या दिवशी बाथरूममधला वजनकाटा कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाखाली लाकडाच्या ठोकळ्यासकट ठेवून तुम्ही मला समजावलंत, की मागे जड भरलं तर पुढचं टोक हलकं होतं आणि मग शेपूट कुत्र्याला हलवायला लागतं. मी खूप हसले होते.

कितीतरी शनिवार आपण दोघं गाड्या बघत हिंडलो. एक अवाढव्य होती, तिने अख्खं घर ओढलं असतं, पण सुट्टीला जायचं त्या डेव्हनच्या अरुंद गल्ल्यांतून समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घेता आली नसती, शिवाय रिकामी असताना मागून इतकी उडायची की आईच्या पाठीचे हाल झाले असते. एक लहान होती, दिसायला ऐटबाज, पण तुम्ही तिच्या मागच्या चाकांशी बसून मान हलवलीत. आणि मग ती मधल्या आकाराची जपानी पिकअप. गडद हिरवी, पुढे एकच सलग सीट, तिघांना पुरेल एवढी. तुम्ही मला मधे बसवलंत, दार लावलंत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवलेत. मग म्हणालात, "ही. हिच्यापेक्षा मोठी नको आणि लहान तर नकोच." टेस्ट ड्राइव्हसाठी आपण ती घरापर्यंत आणली होती. आई दारात आली, तिने पिकअपकडे पाहिलं, आणि आत जाऊन चहा टाकला.

त्याच आठवड्यात आपल्या मराठी मंडळाचा गणपती होता, चर्चच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये. आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत कन्सल्टंट, म्हणजे सर्वांत वरच्या हुद्द्याचे डॉक्टर, असलेल्या एका काकांनी तुमच्या पाठीवर थाप मारली. "काय डॉक्टर, पिकअप घेताय असं ऐकलं. बिल्डरची कामं घेणार की काय साइडला?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. तुम्हांला कन्सल्टंटची पोस्ट किती वेळा नाकारली गेली होती हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी तुमच्या शेजारी उभी होते, आईही होती, आणि तिने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला होता. काही दिवसांनी तुम्ही घरी आलात ते चांदीच्या रंगाची, लांब डिकीची एस्टेट कार घेऊन. सुंदर गाडी होती. शेजाऱ्यांनी येऊन बघितली. मी विचारलं, "आणि हिरवी?" तुम्ही म्हणालात, "हीसुद्धा ओढेल. सामान कमी नेऊ." मी तेव्हाच ठरवून टाकलं की त्या काकांच्या एका विनोदाला तुम्ही घाबरलात.

सामान कमी गेलं नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आपण एम-फाइव्ह मोटरवेवरून डेव्हनला निघालोय. लांबलचक उतार आहे, वारा आडवा सुटलाय, आई मागे वळून मला चकलीचा डबा देतेय. एक मोठी लॉरी बाजूने जाते आणि तिच्या वाऱ्याने कॅरॅव्हॅन आधी बाहेर ढकलली जाते, मग आत ओढली जाते. तुम्ही ब्रेक दाबत नाही, पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच उचलता, जे करायला हवं तेच करता. तरी ती डावीकडे जाते, उजवीकडे जाते, दरवेळी थोडी जास्त, आणि आपल्या गाडीची मागची बाजू तिच्याबरोबर जाऊ लागते. तुम्ही अगदी शांत आवाजात म्हणता, "धरून बसा." पुढचं मला आवाजातच आठवतं. थांबलो तेव्हा कॅरॅव्हॅन आडवी पडून फुटली होती, गवतावर तूरडाळ पसरली होती, आणि आईचा उजवा हात गाडीच्या चेपलेल्या पत्र्यात अडकला होता. तिला सोडवेपर्यंत तुम्ही तिच्या नाडीवर बोटं ठेवून होतात. एका पोलिसाने एस्टेटकडे आणि त्या सांगाड्याकडे बघत विचारलं, "ही गाडी ते ओढेल असं कोणी सांगितलं तुम्हांला?" तुम्ही म्हणालात, "कोणी नाही, ऑफिसर. गाडी मी निवडली. निर्णय माझा होता."

आईचा हात वाचला, पण त्याची मूठ पुन्हा कधी नीट वळली नाही. लाटणं धरता येईना. तेव्हापासून ड्यूटीवरून आल्यावर पोळ्या तुम्ही करायचात, ऑपरेशन थिएटरमधल्यासारखे कोपरापर्यंत हात धुऊन. आई शेजारी उभी राहून बघायची, आणि स्वयंपाकघरात लाटण्याखेरीज दुसरा आवाज नसायचा. मंडळात लोक म्हणायचे, एवढे शिकलेले, पण हट्टी. एकदा जेवताना मी, तेव्हा सेकंडरीत होते, सहज म्हणाले, "ती हिरवी घेतली असती तर..." तुम्ही ताट बाजूला सारलंत. "ती गाडी मी निवडली. हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही." आयुष्यात एवढ्या एकाच वेळी तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात. मला वाटलं, तुमचा अहंकार दुखावलाय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुम्ही गेलात, ड्यूटीवर असतानाच, आणि तो विषय तुमच्याबरोबर संपला असं मी धरून चालले.

नंतर काही वर्षांनी, माझं लग्न होऊन मुलं झाल्यावर, आम्हीही एक लहान कॅरॅव्हॅन घ्यायचं ठरवलं. आईकडे गेलो असताना मी गाड्यांचे ब्रोशर्स डायनिंग टेबलवर पसरले होते. आईने डाव्या हाताने त्यातलं एक पुढे ओढलं. पिकअप होती, मधल्या आकाराची.

"ही घे," ती म्हणाली. "यांनी असलीच पसंत केली होती."

मी म्हटलं, "मग घेतली का नाही? त्या काकांमुळेच ना?"

"काकांमुळे नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती. "यांनी बुक केली होती ती. गणपतीहून घरी आल्यावर मी म्हटलं, तो टेम्पो दारात आला तर मी त्यात पाऊल ठेवणार नाही. माझ्या वडिलांनी डॉक्टर जावई बघितला होता, ड्रायव्हर नाही. यांनी मला सगळं समजावून सांगितलं गं. वजन, उतार, वारा, सगळं. मी म्हटलं, तुमच्या वजनापेक्षा मला माझी अब्रू जड आहे. दुसऱ्या दिवशी हे जाऊन कॅन्सल करून आले."

मी विचारलं, "मग नंतर तू कधी काही बोलली नाहीस?"

"गेले होते ना बोलायला. हॉस्पिटलातच. हे म्हणाले, स्टिअरिंग माझ्या हातात होतं, तेवढंच पोलिसांना कळलंय, आणि तेवढंच खरं. त्यानंतर पुन्हा तोंड उघडू दिलं नाही मला. रोज समोर उभं राहून पोळ्या लाटायचे." तिने ब्रोशर मिटलं. "मला माफी मागायचीसुद्धा सोय ठेवली नाही त्यांनी."

बाबा, हे ऐकून मला तिचा राग यायला हवा होता, पण आला तुमचा. तुम्ही तिला वाचवलंत असं तुम्हांला वाटलं असणार. पोलिसांपासून, मंडळापासून, माझ्यापासून. पण ज्याने तिला थोडं हलकं वाटलं असतं तेवढं एकच तुम्ही तिला करू दिलं नाहीत. वजनाचं इतकं कळणाऱ्या माणसाला हे कळलं नाही.

आम्ही पिकअप घेतली. गाडी घरी आल्यावर आईला पहिल्यांदा फिरवायला वेस्टनला, समुद्रावर नेलं. चढताना मी तिला कमरेला धरलं, ती पुढच्या सीटवर बसली आणि पट्टा लावला. समुद्राला ओहोटी होती, दूरपर्यंत नुसता चिखल. मी इंजिन बंद केलं. तिने डॅशबोर्डवर हात ठेवला, तो न वळणारा, आणि काचेतून बाहेर बघितलं. मग म्हणाली, "उंच आहे. सगळं दिसतं." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "एवढंच तर होतं." मी तिच्याकडे बघितलं नाही. तुमच्यासारखीच समोर बघत बसले.

आता ती खूप थकलीय, माझ्याकडेच असते. ऐकू कमी येतं, पण मागचं सगळं लख्ख आठवतं. हे लिहिताना तिने पलीकडच्या खोलीतून विचारलं, "काय लिहितेस गं एवढं?" मी म्हटलं, "काही नाही, कामाचं आहे." हे सगळं बोलायला हवं ते तिच्याशी, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. तुम्हांला लिहिणं सोपं होतं, एवढंच.