पत्र्याची मागची बाजू

९ मार्च १६९४, पॅरिस

शाबरोल दुकानात आले. गेल्या महिन्यापर्यंत मिठाचा कर वसूल करत होते, आता पदवी विकत घेऊन उमराव झालेत! छापील तसबीर हवी, तीही ईस्टरच्या आधी. चिलखत, गळ्याला लेस, मागे मखमली पडदा. मी विचारलं, लढाई कुठली? म्हणाले, "मिठापायी लोक काय कमी अंगावर येतात?" हसलो. हो म्हटलं.

छपाईचा नवा तांब्याचा पत्रा कोरायला चार महिने. म्हणजे नेहमीची युक्ती — जुना पत्रा काढायचा, मुंडकं बदलायचं. थाट कुणालाही बसतो.

१० मार्च

सव्वीस वर्षांपूर्वीचा सेनापतीचा पत्रा काढला. सेनापती मेला, आता विचारणारं कोणी नाही.

त्यावरची लेस पेरेतची. बायको माझी, आता या जगात नाही; पण हात माझ्याहून हलका. लग्नानंतरचा पहिला हिवाळा, एकाच खिडकीशी दोघं — मी चेहरा कोरायचो, ती लेस. बोटं गारठली की एकमेकांच्या काखेत घालायचो. खाली नाव मात्र माझं एकट्याचं.

१२ मार्च

सेनापतीचं तोंड घासून काढलं.

१३ मार्च

घासलं की खड्डा पडतो. मग पत्रा पालथा घालून मागून ठोकायचा, म्हणजे तांबं वर येतं. आन्सेल्म — तीस वर्षं माझं छापयंत्र ओढतोय — त्याने मागची काजळी पुसली आणि हातोडी खाली ठेवली. "मालक, इथे तुम्ही आहात."

बरोबर मुंडक्याच्या मागे. तळहाताएवढा मी. केसांचा टोप नाही, लेस नाही, बाह्या सरसावलेल्या. भुवईवर व्रण — बापाच्या कुलपांच्या भट्टीतली ठिणगी. थेट आरशातला मी! म्हटलं, रिकाम्या वेळी पेरेतने हात चालवला असेल.

"उलटं कोरलंय तिने," आन्सेल्म म्हणाला. "छापल्यावर सुलटं उमटावं म्हणून. छापायचं होतं तिला."

१४ मार्च

रविवार. पत्रा तसाच पालथा.

१५ मार्च

शाबरोलना सांगितलं, जमणार नाही. कारणही खरं सांगितलं — मागून ठोकलं तर पेरेतचं काम चेपेल. ते म्हणाले, "पत्र्याच्या मागे कोण बघतंय? तुमच्या बायकोपायी मी ईस्टरला बिनतोंडाचा बसू?" त्यांचा सगळा गोतावळा आता समोरच्या दुकानात जाईल. जाऊ दे — लिहायला सोपं आहे. दारापर्यंत त्यांच्या मागे गेलो होतो.

१७ मार्च

मागची बाजू छापली. व्रण दुसऱ्या बाजूला आला. आरशातला मी नव्हे हा — समोर बसलेल्या पेरेतला दिसायचो, तो.

चित्राखालची पदव्यांची पट्टी तिने कोरी सोडली होती. कोरीच ठेवली. खाली कोपऱ्यात कोरणी लावली, उलट्या अक्षरांत: कोरणारी — पेरेत.

मग दुसरी प्रत काढली.