पानं गळल्यावरची बाग

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण हल्ली दुपार झाली की मी बाबांबरोबर बागेत असते. हसू नकोस. सफरचंदानं आपल्या पायांनी चालत तोंडाशी यावं असं जिला वाटायचं, तीच मी. थंडीत शिवणाचं काम कमी असतं आणि आईच्या माघारी बाबांना एकटं फिरू द्यायला मन धजत नाही, म्हणून जाऊ लागले.

पानं गळली की झाडाचं दुखणं लपत नाही, असं ते म्हणतात. खरंच आहे. उन्हाळ्यात नुसतं हिरवं हिरवं म्हणून जे दिसतच नाही, ते आता उघडं पडतं. बारीक फांदीला अंगठी घातल्यासारखं खरखरीत कडं दिसलं तर ती अळीची अंडी. नखानं खरवडून टाकायची. बुंध्याशी भुसा सांडलेला असला की वर कुठेतरी खोडकिड्याचं भोक असणारच. त्यात तार घालायची. गेल्या हंगामातली काळी, सुकलेली फळं अजून लोंबत असतात, ती काढून जाळायची, नाहीतर त्यांतली बुरशी फुलोऱ्यात पुन्हा पसरते. मला हे इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. आता रस्त्यानं जाताना मी लोकांच्या कुंपणातली झाडंही निरखत उभी राहते. परवा एका बाईंनी काय हवंय म्हणून विचारलं, तर त्यांच्याच झाडावरची माव्याची कीड दाखवून आले.

गेल्या आठवड्यात पंपाच्या खोलीजवळ बाबा पुढे होते, मी मागे. तिथल्या एका जाड फांदीची साल तळहाताएवढी खचली होती, काळी पडून कडेनं चिरली होती. बाबा तिच्यासमोर थांबले आणि तसेच पुढे गेले. मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. म्हटलं, "बाबा, ही राहिली की." ते परत आले, "कुठली?" म्हणाले आणि हात भलत्याच फांदीवर ठेवला. मी त्यांचा हात धरून त्या खड्ड्यावर नेला. त्यांनी बोटांनी त्याची कड चाचपली. मग उपड्या क्रेटवर बसले आणि म्हणाले, "ताईला कळवू नकोस. ती सगळं सोडून येईल."

करवत मी हातात घेतली. एक काप झाला की ते त्यावर अंगठा फिरवायचे. "अजून खाली घे. इथलं लाकूड मेलंय." शेवटी ओलसर, पांढरं लाकूड लागलं तेव्हा त्यांनी मान हलवली. करवत स्पिरिटनं पुसायला मी विसरले, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. ती बोलणी ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. एका डोळ्याची नजर काचबिंदूनं गेलीय, ती परत येणार नाही. दुसऱ्यातला मोतीबिंदू काढला की त्या डोळ्यानं नीट दिसेल. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. फुलोऱ्याच्या आत पट्टी सुटेल ना, एवढंच विचारलं. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे.

त्यांना दिलेला शब्द मी मोडतेय, कारण तुझं पत्र. बाबा थकले, आता बाग बघायला मलाच यावं लागेल, असं तू लिहिलंयस. थोरली म्हणून तू ते गृहीतच धरलंस आणि मला कोणी विचारलं नाही. तर आता मीच सांगते. बाग मी बघणार. यात त्याग वगैरे काही नाही. मला ती हवीय. बाबांना काल सांगितलं, तर म्हणाले, "मग छाटणीची कात्री तुझ्या हाताच्या मापाची घेऊ." तुझी शाळा, तुझी ती खिडकीची खोली, जिवाचं रान करून मिळवलेलं सगळं तसंच राहू दे. ऑपरेशनला मात्र ये, त्यांच्या उशाशी बस. सुट्टी टाकून ये, राजीनामा टाकून नको.

तुझीच,
धाकटी