टाकी खाली कर

२६ जुलै ८४, गुरु.
वेसाव्याच्या सुमनमावशीची पिकअप अंधेरीला आमच्या शेडमध्ये येऊन पडलीय. गाडी माझ्यापेक्षा म्हातारी. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी झिरपून पत्र्याचा पार पापड झालाय, बोट दाबलं की आरपार. मावशी दम देऊन गेली, "पुनवेला होड्या निघतील. त्याच्या आत माझी गारी मना पायजे."
सडलेलं सगळं कापलं. नवा पत्रा ठोकून तयार. उद्या माझा जोडीदार दिनू गॅस वेल्डिंग करेल. पेट्रोलची टाकी उजव्या पत्र्याला खेटूनच आहे. निघताना त्याला बजावलं, टाकी खाली कर, मगच पेटव. "केली समज."

२७, शुक्र.
उजवी बाजू झाली. मी पत्रा धरला, दिनूने जोडला. झकास काम. साल्याचा हात आहेच तसा.

२८, शनि.

टाकीचे बोल्ट साफ करावे म्हणून गाडीखाली शिरलो, तर टाकी जागच्या जागी. मला वाटत होतं शेडमागे काढून ठेवलीय. काल पत्रा बाहेरून धरलेला, आतलं दिसलंच नव्हतं.
"अरे, उतरवली नाहीस?"
"उतरवायची कशाला? तू म्हणालास खाली कर. केली ना. सगळं पेट्रोल डब्यात काढलं."
खाली! मी रत्नागिरीचा, माझं खाली म्हणजे जमिनीवर. हा जन्माचा मुंबईकर, याचं खाली म्हणजे रिकामी. आणि रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आत नुसती पेट्रोलची वाफ, एका ठिणगीत स्फोट. काल माझं डोकं तिच्यापासून हातभर होतं.
दिनू हसला. "काही झालं का? मग?"

३०, सोम.
टाकी उतरवली. दोघांनी मिळून. धुतली, पाणी भरून पार गल्लीच्या टोकाला ठेवली. तरी मला पेट्रोलचा वास येतोय. शेडमध्ये, घरी, भाताला पण. शोभा म्हणते, कुठाय वास? बायकोला काय सांगणार. सांगितलं तर उद्यापासून कामाला जाऊच देणार नाही.

३१, मंगळ.
डावी बाजू. पत्रा धरला आणि डोळे गच्च मिटले. खूप वेळ झाला, गॅसचा आवाज येईना. बघतो तर दिनू लायटर घेऊन नुसता उभा. ओठ पांढरे.
"काय रे?"
"पेटवता येत नाही, यार."
"टाकी तिकडे लांब आहे ना."
"माहितीय रे मला."
शनिवारी हसला तो. म्हणे तेव्हापासून झोप नाही. हा घाबरत नाही म्हणून तर मी पत्रा धरून उभा होतो. आता कोणाकडे बघायचं?

१ ऑगस्ट, बुध.
मावशी आली. अर्धीच गाडी बघून भडकली. दिनू खाली मान घालून. माझ्या तोंडून निघून गेलं, उद्या होईल.
"कोन करतंय?"
"मी."
दिनूने त्याचा वेल्डिंगचा काळा चष्मा माझ्या हातात दिला. म्हणाला, पत्रा मी धरतो.
इतक्या वर्षांत गॅसला मी कधी हात लावलेला नाही.