मधूच्या नावचा उपास

जयपूर,
४ ऑक्टोबर १९५९

ती. सौ. विभाताईस,

जयंताचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तब्येतीनं आहेत खुशाल. बाकी मी तीन दिवस नुसता धुमसतोय, आणि दादाच्या घरात ओरडायला जागा नाही म्हणून तुझ्यावर कागद खर्च करतोय.

तुला वाटेल, हा पुन्हा कुठंतरी पळायच्या बेतात आहे. नाही. चार महिने झाले, एका गावात आहे. बनीपार्कात दादाच्या क्वार्टरात झोपतो आणि चांदपोल बाजारातल्या एका भोजनालयात वाढप्यांवर नजर ठेवतो. रतलामच्या कँटीनपेक्षा शंभर पटीनं बरं. तिथला मॅनेजर, तुला सांगतो, चहात... जाऊ दे, तो वेगळाच विषय.

तर, आई. अठ्ठावीसला वसुबारस, आणि त्याच तिथीला दादाच्या मधूचा वाढदिवस. सहा पुरी होतील. वसुबारसेला मुलांच्या आईनं दूध-दुभत्याला शिवायचं नाही, ते वासराच्या वाटचं, एवढं मला ठाऊक होतं. पण आपल्या आईच्या लेखी मुलं मतलब मुलगे, हे आत्ता कळलं. परवा मधू माझ्या सायकलच्या दांडीवर बसून सांगत होती की तिच्या वाढदिवसाला आजी बासुंदी करते. स्वतः भाकरी आणि गवार खाते, आणि आईला, म्हणजे शुभदावहिनींना, वाटी भरून देते आणि संपेपर्यंत समोर बसते. मग आई मोरीवर जाऊन ओकते, म्हणाली. मी सायकल थांबवली, ताई.

वहिनींना विचारलं. मग म्हणाल्या की खरं आहे, दर वर्षी चारचौघांत आई म्हणते, तू घे गं, तुला कुठं बंधन आहे. या वर्षी वहिनींनी सांगून टाकलं की मी मधूसाठी उपास धरणार. त्यावर आई म्हणाली की मुलगा नसताना बारस धरणं म्हणजे लग्न नसताना मंगळसूत्र घालणं. हे आपली आई म्हणाली! दादा तिथंच होता. पेपर वाचत होता. एक पान अर्धा तास.

अगं, गाय काय गोऱ्हा आहे की कालवड ते बघून पान्हा सोडते?

मी ठरवलंय. मधूचा वाढदिवस आमच्या भोजनालयात करायचा. सगळं जेवण असं की त्यात दुधाचा, तुपाचा थेंब नाही. बासुंदीच नाही, मग आई वाढणार काय? त्या दिवशी आपल्याकडं काय काय चालत नाही ते मला नीट लिही. आणि आईला चार ओळी खरमरीत लिही. तुझं ऐकते ती.

भाऊसाहेबांना नमस्कार. लोभ आहे तो तापलेला असला तरी आहेच.

तुझा,
जयंत

*

वाई,
११ ऑक्टोबर १९५९

चि. जयंतास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. घरात मोठ्यानं वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला थांबावं लागलं, इतकं ते शोभेसं होतं. आमचे दोघे उंडगे बरे आहेत. थोरल्या बापूला खोकला झालाय, अडुळसा चालू आहे.

आता तू ऐक. मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरातून उठून स्टेशनवर गेलेल्या मुलानं आईला धर्म शिकवू नये. तू पंचावन्न साली आठ महिने बेपत्ता होतास. तू कुठं होतास ते तुला माहीत. घरी काय होतं ते मी सांगते. आईनं एका दिवसाची बारस नाही धरली, आठ महिने दूध, दही, तूप तोंडात घातलं नाही. नुसत्या भाकरीवर आणि काळ्या चहावर राहिली. गालफडं बसली. अहमदाबादेहून तुझं कार्ड आलं, त्यावर धड पत्तासुद्धा नव्हता, त्या दिवशी तिनं चहात दूध घेतलं. त्या बाईला मी खरमरीत लिहू? माझा हात झडेल.

वहिनी गुणी आहे, मी नाही म्हणत नाही. पण एक वाटी बासुंदी ती काय, आणि त्यावरून घरात उभा दावा कशाला? रीत ती रीत. मलाही बारस धरता आली ती बापू झाल्यावरच. उद्या तिला मुलगा झाला की आपोआप मिटेल.

तू विचारलंस म्हणून लिहिते. दूध, दही, ताक, लोणी, तूप नाही. गहू आणि मूग नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवार चालते. प्रत्येक घरी थोडं वेगळं असतं, आपल्या घरी हे असं.

हॉटेलात वाढदिवस करायची टूम मला पसंत नाही, पण मला विचारतो कोण. आईला दुखवू नकोस. एवढं केलंस तर बहिणीवर माया आहे असं समजेन.

तुझी,
विभाताई

*

जयपूर,
१९ ऑक्टोबर १९५९

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र खिशात घालून दोन दिवस फिरलो. आठ महिन्यांचं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मग जास्तच राग आला, तुझ्यावरसुद्धा. जो पळाला त्याच्यासाठी आठ महिने, आणि घरात समोर नाचणाऱ्या पोरीसाठी एक दिवस नाही? आणि वर तू लिहितेस, मुलगा झाला की मिटेल. मधू काय तोवरची पाहुणी आहे?

बेत जमला. आमचा स्वैपाकी, त्याला इथं महाराज म्हणतात, खूश आहे. इथल्या बायकांची बछबारस असते, आपल्या आधी दोन महिने, श्रावण सरता सरता. तेव्हा त्याही गाईचं दूध घेत नाहीत, पण म्हशीचं चालतं म्हणे. महाराज तेच धरून बसले. भैंसने क्या बिगाडा है भैया, असं दहा वेळा विचारून झालं. त्यांना म्हटलं, गाय नको, म्हैस नको, बकरी नको, उंटीण नको. तेव्हा म्हणाले की असं जेवण त्यांनी जन्मात केलं नाही, पण करून दाखवतील, तिळाच्या तेलात.

बाजरीच्या रोट्या, मोड आलेली मटकी, कैर-सांगरी, म्हणजे इथली वाळवलेल्या शेंगांची भाजी, दह्याऐवजी आमचूर घालून बेसनाचे गट्टे. गोडाला कोहळ्याचा पेठा, तिळाची गजक, ओल्या खोबऱ्याच्या वड्या आणि गुळाचे बाजरीचे लाडू. चांगली सांगरी बघायला महाराजांबरोबर आमेरच्या बसनं गेलो. ते बाजारात आणि मी किल्ल्याखाली हत्तींजवळ. हत्ती आंघोळ घालून घेताना कान कसा वर धरतो तू बघायला पाहिजेस. परतीची बस चुकली. महाराज अजून बोलत नाहीत.

आता वाईट भाग. आईला सांगितलं की दुधाचा थेंब नसलेलं जेवण ठरवलंय. ती बघतच राहिली, आणि मग तिनं पदरानं डोळे पुसले. तिला वाटलं, हे तिच्या उपासासाठी केलं. माझ्यासाठी धरते तो उपास मला अखेर कळला, असं! शेजारच्या रत्नप्रभाबाईंना सांगून आली की धाकटा ताळ्यावर आला. आणि मी, ताई, उभा राहिलो आणि काही बोललो नाही. दादाला गप्प बसायला निदान पेपर लागतो. मला तोही लागला नाही.

अठ्ठावीसनंतर लिहितो. रागावलीस तरी उत्तर टाक, तुझ्या रागावाचून इथं करमत नाही.

जयंत

*

अजमेर,
३१ ऑक्टोबर १९५९

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. वरचं गाव वाचून कपाळाला हात लावू नकोस. लाव, पण पुढं वाच.

जेवण झकास होतं. वरच्या मजल्यावर आम्ही पाच जणच. मधूला लाल परकर. तिनं चार लाडू खाल्ले आणि पेठ्याला बर्फ म्हणाली. आई मधोमध बसली होती आणि मालक वर आले तेव्हा त्यांना आपल्या मोडक्या हिंदीत सांगत होती की मेरे लडकेने मेरे उपास के लिए किया. मालक हात जोडून म्हणाले की असा मुलगा नशिबानं मिळतो. मी गजक चावत होतो.

मग तिचं लक्ष वहिनींच्या ताटाकडं गेलं. तेच ताट. बाजरी, मटकी, सगळं तेच. आईचा चेहरा बदलला. मालकांना म्हणाली, आमच्या सूनबाईसाठी काही दुधाचं मागवा, तिला चालतं, तिला मुलगा नाही. माझ्या मालकांसमोर, वाढप्यांसमोर. मालक बिचारे भले. समोरच्या दुकानातून मातीच्या कुल्हडात भरून रबडी आली. वर पिस्ते. आईनं ती स्वतः वहिनींच्या ताटाशी ठेवली आणि म्हणाली की वाढदिवसाला आईचं तोंड गोड व्हायला हवं.

दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. मधू वहिनींच्या तोंडाकडं. तिला ठाऊक होतं ना पुढं काय होतं ते. आणि वहिनींनी हात पुढं केला कुल्हडाकडं. मला ते बघवलं नाही. मी उठलो, कुल्हड हिसकावला आणि खिडकीतून खाली मोरीत ओतला. आणि मग सुटलोच. म्हटलं, हे जेवण तुझ्यासाठी नव्हतंच, वहिनींसाठी होतं. म्हटलं, मला नको तुझा उपास. मी धडधाकट आहे, पळपुटा आहे, माझ्या नावानं काही धरू नकोस. माझ्या वाटचा मधूच्या नावानं धर, नाहीतर सोडून दे.

आईनं हात धुतला. जिना उतरताना तिचा पाय थरथरत होता, हे मी पाहिलं. ते मात्र सारखं दिसतं.

मला वाटलं होतं, वहिनी काही चांगलं बोलतील. रस्त्यात त्या इतक्या हळू बोलल्या की आधी कळलंच नाही. म्हणाल्या की भाऊजी, तुम्हाला हे कुणी करायला सांगितलं होतं? बस्स.

मला त्या घरात श्वास घेता येईना. सकाळच्या गाडीनं इथं आलो. एका धर्मशाळेत आहे. बाहेर फटाके वाजतायत. कामाचं बघतोय. मी चुकलो काय, ताई? तू सांग. आईवर मी अजून रागावलेलोच आहे, तिची आठवण येते तरीही.

पत्ता मागं लिहिलाय. दोन ओळींची भाऊबीज पाठव, ओवाळणी बाकी राहिली.

जयंत

*

जयपूर,
८ नोव्हेंबर १९५९

चि. जयंतभाऊजींस,

सौ. शुभदाचे आशीर्वाद. तुमचा पत्ता विभावन्संनी कळवला. त्यांच्या पत्रात खाली एक ओळ होती, की त्यांच्या नावानं आईंनी बारस कधी धरली नाही हे त्यांना आत्ता, तिसाव्या वर्षी, सुचलं, आणि तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नाही. त्यांचं त्या बघतील. मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी हात पुढं केला तो रबडी खायला नव्हे. कुल्हड उचलून सासूबाईंच्या हातात परत द्यायचा होता. आणि एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य मी सहा वर्षं घोकलंय, मोरीवर बसून. त्या दिवशी ते ओठापर्यंत आलं होतं. तुम्ही थांबला नाहीत. मी काय करते ते बघायला या घरात कुणी कधी थांबलंच नाही. सासूबाई नाहीत, तुमचे दादा नाहीत, आणि तुम्हीही नाही. सगळ्यांना आधीच ठाऊक असतं की शुभदा खाणार.

आणि वर तुमच्या वाटचा उपास माझ्या मुलीला देऊन मोकळे झालात. भाऊजी, माझी मुलगी कुणाच्या उतरल्या उपासावर नाही. तिला तिची आई आहे.

मग तुम्ही गेलात. तुमचं बरं असतं. भांडण पेटवायचं आणि गाडी धरायची. सासूबाई दोन दिवस अंथरुणाला पाठ लावून होत्या. पेज मी दिली, पाय मी चेपले. त्यांचा पाय थरथरत होता हे तुम्ही पाहिलंत, तो अजून थरथरतो.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्या उठून स्वैपाकघरात आल्या तेव्हा मी ते वाक्य बोलले. घरात तिसरं माणूस नको म्हणून मधूला रत्नप्रभाबाईंकडं धाडलं होतं. सांगितलं की यंदा माझी बारस पार पडली, पुढच्या वर्षी तुमच्या शेजारी पाट मांडून मी भाकरी खाणार, आणि मी जिवंत आहे तोवर दर वर्षी. ज्यांना बघवणार नाही त्यांनी भिंतीकडं तोंड करून बसावं. माझा आवाज चढला नाही. चढला असता तर सोपं गेलं असतं.

त्या म्हणाल्या की तुझ्या धरण्याला अर्थ नाही, देव घेणार नाही. मी म्हटलं की तो देवाचा प्रश्न. तेव्हापासून मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं आहे. त्या कबूल नाहीत आणि होणारही नाहीत. मी त्यांचा होकार मागायला गेलेच नव्हते. तुमचे दादा दाराशी होते. सगळं ऐकलं त्यांनी. त्यांच्याशी मी वेगळं बोलले आहे, ते तुम्हाला सांगायचं कारण नाही.

आईंना एक कार्ड टाका. माफीचं नको, तब्येतीचं. त्या पोस्टमनची वाट बघतात.

पुढच्या वसुबारसेला यायचं असेल तर या. मधूच्या शेजारी पाट मांडीन. मात्र ताटावर बसाल तेव्हा तोंड जेवण्यापुरतं उघडायचं.

शेवटी लोभ असावा असं लिहितात. माझा राग आधी उतरू दे, मग लोभाचं कळवीन.

सौ. शुभदा