चौथ्या ओळीतली फट

मालवण, गुरुवार

तीर्थस्वरूप सुगंधाताई यांना लवूचा वाकून नमस्कार (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा जमला तेवढाच वाकून). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला, सुशांतची नवी नोकरी, सगळे ठीक असेल असे धरून चालतो. इकडे आम्ही बरे आहोत. आम्ही म्हणजे मी आणि मांजर, पण मांजर हल्ली जेवायला शेजारी जाते, तेव्हा मीच म्हणा ना. फोनवर माझ्या तोंडून हूं पलीकडे काही निघत नाही हे तुम्ही अकरा महिने सोसले आहे, म्हणून हाताने लिहून पानांचे फोटो पाठवत आहे. तिसऱ्या पानावरचा डाग आमसुलाचा आहे, घाबरू नये.

सोमवारी सुशांतचा मेसेज आला की काका, रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो, दुकानातले सामान बांधून ठेवा. त्यावरून मला कळले की चष्म्याचे दुकान बंद करून मी कोल्हापूरला तुमच्याकडे कायमचा राहायला येणार असे ठरले आहे आणि मी त्याला फोनवर हूं म्हटले आहे. तुमचे म्हणणे चूक नाही. तुमची धाकटी बहीण, आमची विमला, होती तेव्हा दुकानात कामाची वाटणी होती. भिंगे मी बदलायची, बोलायचे तिने. आपल्याकडे अक्षरे न येणाऱ्यांसाठी एक तक्ता आहे, तुम्ही पाहिला असेल. त्यावर नुसती वर्तुळे आहेत, वरच्या ओळीत पुरीएवढी, खाली खाली मोहरीएवढी, आणि प्रत्येक वर्तुळाला एका बाजूला फट आहे. फट कुठल्या बाजूला ते गिऱ्हाइकाने हाताने दाखवायचे. विमला तक्त्याजवळ उभी राहून विचारायची, "फट खंय आसा, सांग गो!" एकदा एका म्हातारीने उत्तर दिले होते, "माज्या घराच्या कौलात. पाच वर्सां झाली, झील येवन बघणा नाय." विमलाने तिच्या मुलाला तिथूनच फोन लावून कौले बदलायला लावली आणि मग नंबर काढू दिला. ती गेल्यापासून मी नुसते वर्तुळाकडे बोट दाखवतो. गिऱ्हाईक माझ्या बोटाकडे बघते. मागे एका मनुष्याने बोटाला काय लागले म्हणून विचारले.

आता दुसरे हूं. गेल्या वर्षी कणकवलीच्या एका कॉलेजातल्या तन्वी मॅडम चष्म्यासाठी आल्या होत्या. तक्ता पाहून त्या खुर्चीतून उठल्याच. त्यांचे कॉलेज म्हणे 'उघडे वर्तुळ : विविध ज्ञानशाखांतील आकार आणि विचार' या विषयावर परिसंवाद घेणार होते. मी भिंगे पुसत होतो. विमला त्यांना म्हणाली, "आमचे ह्ये बोलतले. तुमी बिनघोर रवा." मी वर पाहिले तोवर त्यांनी वहीत लिहून घेतले होते. नंतर परिसंवाद दोनदा पुढे गेला, विमला गेली, आणि मला वाटले विषय मिटला. पण महिन्यापूर्वी मॅडम पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, विमलाताई म्हणाल्या होत्या तुम्ही बोलाल. मी हूं म्हटले. म्हणजे, हो, ती तसे म्हणाली होती, एवढेच मला म्हणायचे होते. आठ दिवसांनी छापील पत्रिका आली. तिच्यात 'डॉ. लवू, नेत्रविज्ञान, वीस मिनिटे' असे होते. (डॉक्टर कोणी केले ते कळले नाही. बहुधा पांढऱ्या कोटाने.)

परिसंवाद परवा मंगळवारी होता. सुशांतचा मेसेज वाचून मी मनाशी ठरवले की वीस मिनिटे बोलता आले तर दुकान ठेवायचे, नाही आले तर तुमचे ऐकायचे. चार पाने लिहून काढली. तक्ता विमलाच्या जुन्या पातळात गुंडाळला आणि एसटीत बसलो. कंडक्टरने ती गुंडाळी पाहून कुठल्या भजनाला चाललात म्हणून विचारले. मी हूं म्हटले. कुडाळच्या फाट्यापर्यंत तो मला अभंग म्हणून दाखवत होता.

तिथे पोचलो तर भांडण सुरू झालेलेच होते. मंचामागे मोठा फलक होता, त्यावर एक वर्तुळ आणि उजव्या अंगाला छोटी फट. गणिताचे प्रमुख जितेंद्र सर तिसऱ्या रांगेतून उभे राहून म्हणत होते की परिसंवादाचे नाव उघडे वर्तुळ आणि फलकावर बंद वर्तुळ छापता, ही छापखान्याची कमाल आहे. तन्वी मॅडमनी मंचावर जाऊन फटीत बोट ठेवून दाखवले. सर म्हणाले, ती बोटाची सावली आहे. शिवाय फट असलीच तर त्याला वर्तुळ म्हणताच येत नाही, कंस म्हणा. तेव्हा मागून ॲल्स्टन उठला. तो आयटीआयमध्ये मोटारीचे इंजिन शिकवतो, खिशातून पिस्टनची रिंगच काढून आला होता. "सर, ही रिंग. हिका फट ठेवूकच लागता. फट नाय ठेवलास तर रिंग तापली की फुगतली आणि इंजिन जाम होतला. तुमी हिका कंस म्हणा, गॅरेजीत जावन कंस मागा, कोण देतलो?" मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी इंजिन हा विषय ज्ञानशाखेत बसतो का, असा मुद्दा काढला आणि चहाची वेळ झाली.

चहानंतर मराठीच्या एका बाईंनी ट आणि ठ यांवर अठरा पाने वाचली. दार उघडे राहिलेला ठ म्हणजे ट, असा त्याचा सारांश मी तरी काढला. मग किशोरी मॅडम आल्या. त्या देवळांचा अभ्यास करतात. त्यांनी सांगितले की शंकराची प्रदक्षिणा पुरी करायची नसते. अभिषेकाचे पाणी बाहेर जाते ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथून मागे फिरायचे, पलीकडच्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत यायचे आणि परत. कुणकेश्वराला आपण करतो तेच, पण त्यांच्या तोंडी ते फार अवघड वाटत होते, म्हणून त्यांनी प्रात्यक्षिक घेतले. मंचावरचे टेबल म्हणजे पिंडी, माइकची वायर म्हणजे पन्हळ. वीसजण टेबलाभोवती निघाले. पहिला वायरीशी पोचून मागे फिरला तर मागून एकोणीसजण येतच होते. टेबल आणि भिंत यांच्यात जागा दीड हात. दोन इतिहासवाले आणि एक प्राणिशास्त्रवाले छातीला छाती लावून अडकले. "बाजूक हो रे!" "खंय होव? भिंतीत?" असे चालले असता वायर ओलांडायला मात्र कोणी तयार होईना, कारण न जाणो. माइक मधल्या गर्दीत होता, त्यातून तन्वी मॅडमचा आवाज येत होता की प्रश्नोत्तरे शेवटी घेऊ. अखेर शिपायाने वायरच गुंडाळून खांद्यावर टाकली. पन्हळ नाहीशी झाल्यावर सगळे विद्वान सुटले.

यानंतर माझे नाव पुकारले गेले. मी उभा राहिलो, नमस्कार म्हटले आणि खिशात हात घातला तर वाचायचा चष्मा मालवणला. ताई, तीस वर्षे मी जगाला सांगत आलो की चष्म्याला दोरी लावा. समोर दीडशे माणसे, हातात चार पाने आणि पानांवर नुसता धुरळा. ॲल्स्टनने आपणहून येऊन तक्ता उलगडून भिंतीवर टांगला आणि पातळाची घडी करून खुर्चीवर ठेवली. मला टेम्पो दिसू लागला. आणि मग माझ्या तोंडून एकदम, चांगल्या मोठ्या आवाजात, विमलाच्याच हेलात निघाले, "फट खंय आसा?"

सभागृहाला वाटले ही व्याख्यानाची नवी पद्धत असावी. दीडशे हात वर झाले, कोणी डावीकडे, कोणी खाली. मी छडी पहिल्या ओळीवरून दुसरीवर नेली, हात बरोबर फिरले. चौथ्या ओळीला जितेंद्र सर उठले. "या ओळीतली सर्व वर्तुळे बंद आहेत. हाही छपाईचा दोष." मी म्हटले, सर, जरा पुढे या. ते दुसऱ्या रांगेत आले. बंद. पहिल्या रांगेत आले. बंदच. मंचाची पायरी चढले, तक्त्यापासून दोन पावलांवर आले, आणि शुद्ध मराठी सोडून किंचाळले, "आसा! उजव्याक आसा!" मागच्या बाकांवरून मुलांनी देवापुढच्या गाऱ्हाण्यासारखे "व्हय म्हाराजा!" केले. सरांनी मान वळवून फलकाकडे पाहिले. तिकडेही होती.

मी त्यांना सांगितले, सर, छापखान्याची चूक नाही. नजर अधू झाली की फट दिसेनाशी होते आणि वर्तुळ पुरे दिसते. मोतीबिंदूची सुरुवात असेल, डॉक्टरांना दाखवा. (अकरा महिने लोक मला सांगतात की काळ गेला की पोकळी भरून येते. आमच्या धंद्यात फट भरून आलेली दिसली की नंबर वाढला असे समजतात. हे मी सभेत बोललो नाही, तुम्हाला म्हणून लिहितो.) त्यावर अख्खी सभाच रांगेला लागली. ट-ठच्या बाई, सुटलेले इतिहासवाले, शिपाई, सगळे. समारोपाचे भाषण करायला आलेले पाहुणे नवव्या नंबरावर होते. मी अडीच तास बोललो. शाल-श्रीफळ मिळाले, नारळाची चटणी केली.

काल सकाळी दुकान उघडतो तर पायरीवर जितेंद्र सर, त्यांची मंडळी आणि मागे अकराजण. मी बोट दाखवले नाही. तोंडाने विचारले. थोडे चाचरलो, पण विचारले.

भाऊजींना नमस्कार. मांजरालाही तुमची आठवण आहे असे लिहिणार होतो, पण ते घरी नाही.

तुमचा,
लवू

ता. क. सुशांतने टेम्पो आणू नये. दुकान चालू ठेवतो.

दुसरा ता. क. अडीच तास बोललो असे वर लिहिले आहे, त्यातला दीड तास 'बरे', 'पुढची ओळ' आणि 'टोपी काढा' यांत गेला. उगाच मोठे सांगायला नको.

तिसरा ता. क. रागावणार नसाल तर एक सांगतो. टेम्पोचे तुम्ही फोनवर बोललात तेव्हा मी ते ऐकलेच नव्हते. भाजी, पाऊस, गुडघा, यातलेही काही ऐकलेले नाही. फोनवर तुमचा आवाज अगदी विमलासारखा लागतो, आणि तेवढाच मी ऐकत असतो. तेव्हा यापुढे काही ठरवायचे असेल तर सुशांतकडून मेसेज करावा. फोन मात्र रोज करावा, आणि हूं आले तरी ठेवू नये.